वारसा करमुक्त, मग दुकानाच्या भाड्यावर कर कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मृत्युपत्र आणि आयकर या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया खरमरीत आहे, आणि तिच्यात आकडे दिलेत हे मला विशेष आवडलं. आकड्यांशिवाय भांडण्यात मजा नाही. खाली चार ओळींत उत्तर आटोपणं शक्य नव्हतं, म्हणून वेगळं लिहिते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: यांच्या वडिलांचं ऑगस्ट 2023 मध्ये निधन झालं. मृत्युपत्रात मामा एकटेच व्यवस्थापक (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे). दुकान यांच्या नावे, पुण्याचा फ्लॅट न्यू जर्सीतल्या बहिणीच्या नावे, आणि ठेवी वगैरे उरलेलं सगळं दोघांत निम्मंनिम्मं. 2024-25 मध्ये मामांनी यांना 18 लाख रुपये दिले. मामांनी इस्टेटीचा, म्हणजे वडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचा, कर भरलाय. तरीही सीए म्हणतात, यातले दुकानाच्या भाड्याचे 3 लाख तुमच्या विवरणात दाखवा. त्यावर यांचे तीन आक्षेप. वारसा करमुक्त असताना ही दुहेरी करआकारणी आहे. बहिणीनं फ्लॅट विकला तरी तिला तिकडे एक डॉलरही कर पडला नाही, म्हणजे आपलाच कायदा वाईट. आणि माझ्यासारखे लोक ‘ट्रस्ट करा’ (मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवा) म्हणत लोकांना 30 टक्क्यांच्या खाईत लोटतात.

आधी 18 लाखांची फोड करू. तुम्ही ती रक्कम एकगठ्ठा धरलीत आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला. तुमच्याच आकड्यांप्रमाणे 12 लाख ही वडिलांच्या ठेवींची मुद्दल, 3 लाख हे निधनानंतर त्या ठेवींवर आलेलं व्याज आणि 3 लाख दुकानाचं भाडं.

मुद्दलावर कुणीच कर मागत नाहीये. मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं मिळालेली मालमत्ता कलम 56(2)(एक्स) मधून (फुकट मिळालेल्या पैशावर, मालमत्तेवर कर लावणारं कलम) स्पष्टपणे वगळलेली आहे, आणि मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा इस्टेट ड्यूटी हा वेगळा कर मार्च 1985 मध्येच रद्द झाला. (कलमांचे आकडे 1961 च्या कायद्याचे देते आहे. नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा, तुमचं वर्ष जुन्यातच येतं.) माझ्या लेखातलं ‘करमुक्त’ हे या 12 लाखांबद्दल होतं. वडिलांच्या पश्चात त्या मालमत्तेनं जे कमावलं ते उत्पन्नच आहे. वडील असते तर त्यांना त्यावर कर पडलाच असता.

प्रश्न एवढाच, की तो भरायचा कुणी. इथे कलम 168 येतं. निधनाच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न वडिलांचं, त्याचं विवरण वारसानं त्यांच्या वतीनं भरायचं. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वाटप होईपर्यंत इस्टेट ही वेगळी करदाती. तिचं पॅन वेगळं, विवरण आयटीआर 5 या फॉर्ममध्ये, आणि तिचं उत्पन्न मामांच्या स्वतःच्या उत्पन्नात मिसळत नाही. व्यवस्थापक एकटा असल्यानं आकारणी तो जणू एक व्यक्ती आहे असं धरून होते, म्हणजे कराचे कमी दरांचे टप्पेही मिळतात. ठेवींचं व्याज असं इस्टेटीच्या हातात करपात्र झालं, मामांनी कर भरला, विषय मिटला. ते 3 लाख तुमच्या विवरणात पुन्हा उत्पन्न म्हणून येत नाहीत. तुमच्या सीएंनीही ते मागितलेले नाहीत, ही गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही.

भाड्याचं तसं नाही, कारण दुकान तुम्हाला नावानिशी दिलेलं आहे. कलम 168 च्या पोटकलम 4 नुसार, विशिष्ट मालमत्ता ज्याला दिली आहे त्याला इस्टेटीचं त्या वर्षातलं उत्पन्न त्याच वर्षात दिलं गेलं, तर ते इस्टेटीच्या उत्पन्नातून वगळायचं आणि त्या माणसाच्या उत्पन्नात धरायचं. एकाच्या खात्यातून निघतं तेव्हाच दुसऱ्याच्या खात्यात पडतं. म्हणजे 3 लाखांतून 30 टक्के प्रमाणित वजावट जाऊन 2 लाख 10 हजार तुमच्याकडे, मालमत्ता कर भरला असेल तर आणखी थोडे कमी. तुमचे सीए बरोबर आहेत.

मामांनी भाड्यावरही कर भरला असेल तर मात्र तुमची तक्रार खरी आहे, पण तो दोष विवरणाचा आहे, कायद्याचा नाही. मामांकडून आयटीआर 5 ची प्रत मागून घ्या. घरभाड्याच्या उत्पन्नात दुकान दिसलं तर ते वगळायचा मार्ग सुधारित विवरणाचा होता. त्याची मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत होती. त्यानंतरचं अद्ययावत विवरण कर वाढवायला चालतं, कमी करायला किंवा परतावा मागायला चालत नाही. भाडेकरूनं कर कापला असेल तर तो कुणाच्या पॅनवर जमा झालाय तेही बघा.

यात एक गोष्ट मला खरोखर खटकते. ‘त्याच वर्षात’ या अटीमुळे मामांनी मार्चचं भाडं 31 मार्चला दिलं तर कर तुमच्याकडे, 2 एप्रिलला दिलं तर इस्टेटीकडे. अमेरिकेत निदान इस्टेटीला वर्ष संपल्यावर 65 दिवसांत केलेलं वाटप आधीच्या वर्षात धरायचा पर्याय असतो. आपल्याकडे तशी सवलत नाही, आणि हे ठाऊक नसलेले मामा-काका सवडीनं चेक लिहितात. उलट काही हुशार मंडळी इस्टेटीचे वेगळे टप्पे मिळत राहावेत म्हणून वाटप वर्षानुवर्षं लांबवतात. मग एखाद्या वर्षी अधिकारी विचारतो, देणी फिटली, वाटायचं तेवढं उरलं, आता व्यवस्थापक कसले, तुम्ही विश्वस्त झालात. त्या वादात पडू नका. मामांनी दुकान रीतसर तुमच्या ताब्यात दिलं की भाडं थेट तुमचं.

आता बहीण. तिकडे एक डॉलरही कर पडला नाही हे शक्य आहे, पण त्याचं कारण तुम्ही समजता ते नाही. तुम्ही दिलेल्या माहितीनुसार वडिलांनी फ्लॅट 1996 मध्ये 6 लाखांना घेतला, 1 एप्रिल 2001 ची किंमत 8 लाख, निधनावेळी 90 लाख आणि डिसेंबर 2024 मध्ये तो 95 लाखांना विकला. अमेरिकेत वारशानं आलेल्या मालमत्तेची किंमत निधनाच्या दिवशीच्या बाजारभावानं नव्यानं धरतात. म्हणून तिथे नफा फक्त 5 लाखांचा. आपल्याकडे वारसाला वडिलांचीच खरेदी किंमत चिकटते, फार तर 2001 ची घेता येते. म्हणून इथे नफा 87 लाख, त्यावर 12.5 टक्क्यांनी 10 लाख 87 हजार 500, अधिभार आणि उपकर वेगळा. अनिवासी विक्रेती असल्यानं खरेदीदारानं कलम 195 खाली कर कापूनच पैसे दिले असणार. इथे भरलेल्या कराची सूट तिकडच्या 5 लाखांवरच्या किरकोळ कराला पुरून उरते. तिनं कर भरलाच आहे, फक्त पुण्यात. तिला एक निरोप द्या: परदेशी इस्टेटीतून वर्षात 1 लाख डॉलरपेक्षा जास्त मिळालं की तिकडे फॉर्म 3520 भरावा लागतो. कर शून्य असला तरी. 90 लाख त्या मर्यादेच्या वर जातात. तो राहिला तर दंड मिळालेल्या रकमेच्या दरमहा 5 टक्के, 25 टक्क्यांपर्यंत.

आणि अमेरिकेचं इतकं कौतुक नको. तिथल्या इस्टेटीनं किंवा ट्रस्टनं उत्पन्न न वाटता स्वतःकडे ठेवलं तर 2024 मध्ये 15,200 डॉलरच्या पुढे थेट 37 टक्क्यांचा टप्पा लागत होता. एकट्या व्यक्तीला त्या वर्षी तो टप्पा 6,09,350 डॉलरच्या पुढे लागत होता.

राहिला ट्रस्ट. ‘ट्रस्ट करा’ असं सरसकट मी लिहिलेलं नाही. ज्या आईवडिलांचं मूल स्वतःचे व्यवहार पाहू शकत नाही, त्यांच्यासाठी लिहिलं होतं. लाभार्थी आणि त्यांचे हिस्से ठरलेले असतील तर कलम 161 नुसार विश्वस्तावर तेवढाच कर बसतो जेवढा लाभार्थ्यावर बसला असता. तुमची 30 टक्क्यांची खाई आहे ती डिस्क्रिशनरी ट्रस्टची, जिथे कुणाला किती द्यायचं हे विश्वस्त ठरवतात. तिथे कलम 164 चा कमाल दर लागतो. पण त्यालाही अपवाद आहेत. ट्रस्ट मृत्युपत्रानं केलेला असेल आणि त्या माणसानं तसा तेवढा एकच केला असेल, तर कमाल दर लागत नाही, नेहमीचे टप्पे मिळतात. ट्रस्टनं धंदा चालवला तर मात्र आणखी अटी आहेत. कमाल दरात अधिभार सर्वोच्च धरायचा की उत्पन्नानुसार, यावरही खूप वाद झाला. एप्रिल 2025 मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या विशेष पीठानं तो उत्पन्नाच्या टप्प्यानुसारच लावायचा असा निर्णय दिला, त्यामुळे 50 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ट्रस्टचा दर उपकरासह 31.2 टक्के होतो.

‘मग मुलाला दिलेल्या पैशावर पुन्हा कर?’ असंही तुम्ही विचारलंय. नाही. कमलिनी खटाव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये सांगितलं की डिस्क्रिशनरी ट्रस्टचं उत्पन्न त्याच वर्षात वाटलं गेलं असेल तर आयकर खातं ट्रस्टकडून किंवा लाभार्थ्याकडून, दोघांपैकी कुणाकडूनही कर घेऊ शकतं. दोघांकडून नाही. त्यामुळे ट्रस्टनं कर भरल्याचा पुरावा लाभार्थ्याच्या फायलीत असलेला बरा, आणि तुमच्या बाबतीत मामांच्या आयटीआर 5 ची प्रतही.