बोटं टोचून लकवा उतरत नाही हो

आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. लकवा आला की पेशंटला जागचं हलवू नका, मेंदूतल्या बारीक नसा फुटतील, दहाही बोटं सुईनं टोचून रक्त काढा, तोंड वाकडं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढून पाळ्या टोचा, आणि माणूस ठीक झाला की मगच दवाखान्यात न्या. खाली नमस्कारांची रांग!

आधी ते "नसा फुटतील". साधारण 85 टक्के स्ट्रोकमधे, म्हणजे लकव्याच्या झटक्यात, काही फुटलेलंच नसतं, मेंदूकडे जाणारी नस गुठळीनं बंद झालेली असते. गुठळी कधी मानेतल्या नसेत चरबी साचून होते, कधी हृदयाचे ठोके अनियमित असले की तिथून वर जाते. बाकीच्यांत नस खरंच फुटते, बहुतेकदा बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं असल्यामुळे. पण दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, सीटी स्कॅनशिवाय नक्की कुणालाच सांगता येत नाही, म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन पण देऊ नका. आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लागतं साडेचार तासांच्या आत, त्यात स्कॅन पण आला, आणि दर मिनिटाला 19 लाखांच्या आसपास पेशी मरतायत, आणि आपण काय करतोय तर सुई शोधतोय.

बोटांचं म्हणाल तर, शुगर तपासायला लोक रोज बोट टोचतातच ना? त्यानं डोक्यातला दाब उतरत असता तर अर्ध्या इंदूरनं बीपीच्या गोळ्या सोडल्या असत्या. कानाचं तर सोडाच.

"पण आमच्या काकांना फरक पडला" असं कोणीतरी म्हणणारच. पडला असेल. कधीकधी गुठळी आपोआप सुटते आणि काही मिनिटांत हात-तोंड जागेवर येतं, याला मिनी स्ट्रोक म्हणतात, श्रेय सुईला जातं आणि पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका यायचा धोका असतो तो कोणी बघत नाही. किंवा तो चेहऱ्याचा साधा लकवा असेल, त्यात कपाळाला आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, हातपाय मात्र ठीक असतात. तो बऱ्याचदा बराच होतो, पण हा फरक डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि लकवा म्हणजे नेहमी हातपाय लुळे असंच नाही. मेंदूची डावी बाजू बिघडली तर उजवा हात-पाय जातो, बोलणंही बहुधा डावीकडेच असतं म्हणून तेही अडखळतं. पण मागचा छोटा मेंदू बिघडला तर ताकद शाबूत राहते, फक्त चालताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात पित्त झालंय! आधी लुळा पडलेला हात पुढे ताठ होतो, बोटं उघडत नाहीत, त्याला फिजिओथेरपी लागते, पहिले तीन महिने सगळ्यात महत्त्वाचे. लकवा बरा व्हावा म्हणून लोक नीमचला भादवामातेच्या देवळात जातात, त्या दर्शनाला मी नाही म्हणत नाही, आमच्याही घरातले जातात, पण दवाखान्यानंतर.

108 ला फोन लावताना घड्याळ बघा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री शेवटचं धड कधी पाहिलं ते सांगा, डॉक्टर आधी तेच विचारतात. आणि तोवर पाणी पाजू नका, गिळणं बिघडलेलं असलं तर ते सरळ फुफ्फुसात जातं.