पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणे नव्हे

‘पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, मॉर्फीन सुरू झाले की माणूस चार दिवसांत जातो, रुग्णाला खरे सांगितले तर तो धास्तीनेच खचतो, म्हणून शेवटच्या श्वासापर्यंत शक्य ते सगळे करा,’ असा मजकूर वरचेवर फिरत असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांची माया खरी आहे, माहिती मात्र चुकीची आहे.

पहिले विधान घेऊ. वेदना, धाप, मळमळ आणि मनावरचा ताण हलका करणारी ही सेवा मूळ उपचारांच्या बरोबरीनेही देता येते. बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो. ज्यांना निदानानंतर लगेच ही सेवा मिळाली, त्यांचे जीवनमान अधिक चांगले राहिले, नैराश्य कमी आढळले आणि अखेरच्या काळातले आक्रमक उपचार कमी होऊनही ते अधिक काळ जगले : मध्यक (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने, तर इतरांचा ८.९. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही, त्यामुळे तसा दावा मी करणार नाही. पण ‘हात टेकले’ ही समजूत खोडून काढायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

मॉर्फीन या तीव्र वेदनाशामक औषधाविषयीची भीती अधिक चिवट आहे, कारण ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभी आहे. औषध सुरू झाले आणि माणूस गेला, हे अनेकांनी पाहिलेले असते. मात्र ते सुरूच अगदी अखेरीस केले होते, हे लक्षात घेतले जात नाही. अतिमात्रेने श्वास मंदावतो हे खरेच. म्हणून मात्रा थोडीपासून सुरू करून वेदनेच्या मानाने वाढवतात, आणि अशा वापराने मृत्यू अलीकडे ओढला जात नाही. दुखणे परत उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने औषध देण्याचा आग्रह ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी धरला. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत) तीच पद्धत होती. (मॉर्फीनचा रोजचा खरा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ, आणि त्यावरचे औषध सहसा पहिल्या दिवसापासूनच देतात.)

खरे सांगण्याबद्दल थोडक्यात : किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी रुग्णालाच विचारावे. बहुतेकदा त्याला अंदाज आलेलाच असतो आणि घरच्यांच्या लपवाछपवीत तो एकटा पडतो.

राहिले ‘सगळे करा’. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. त्याऐवजी रुग्ण घेईल तेवढे हाताने, सावकाश भरवावे, असा सल्ला वृद्धांवर उपचार करणारे तज्ज्ञ देतात. मरणासन्न माणसाची भूक आपोआप मावळते, आणि त्या वेळी ओठ व तोंड ओले ठेवण्याने त्याला सलाइनपेक्षा अधिक बरे वाटू शकते.