शेवटचं वर्ष बाकी असताना

स्टॅनफर्डसारखं विद्यापीठ, एकच वर्ष उरलेलं, आणि मुलगी म्हणते मी फ्रान्सला फुटबॉल खेळायला चालले. आपल्याकडे तिच्या आईवडिलांना किती फोन गेले असते! कातारीना मकारियोनं जानेवारी 2021 मध्ये नेमकं हेच केलं. माझं मत सरळ आहे: पोरीनं बरोबर केलं.

जन्म 1999 चा, ब्राझीलमधल्या साओ लुईसचा. लहानपणी मुलांच्या टीममध्ये खेळायची. बाराव्या वर्षी ते बंद झालं आणि मुलींची धड टीम जवळपास नव्हती. ब्राझीलला आपण फुटबॉलची पंढरी म्हणतो, पण त्या पंढरीत 1941 पासून 1979 पर्यंत बायकांच्या फुटबॉलवर सरकारी बंदी होती. मग वडील तिला आणि तिच्या भावाला घेऊन अमेरिकेतल्या सॅन डिएगोला गेले. इंग्रजीचा पत्ता नाही. आई डॉक्टर, ती मागे राहून कमावत राहिली. या गोष्टीत लोक मुलीचं कौतुक करतात, बापाचंही करतात. त्या आईबद्दल फार कुणी बोलत नाही.

अमेरिकेत तिला मैदान मिळालं, त्यामागे 1972 चा टायटल नाइन नावाचा कायदा आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही, खेळातसुद्धा. त्यामुळे तिथे कॉलेजात मुलींच्या टीम, स्कॉलरशिप, पूर्णवेळ कोच, सगळं उभं राहिलं. स्टॅनफर्डकडून 68 सामन्यांत तिनं 63 गोल केले, शिवाय 47 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास. आणि बाई मूळच्या मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतल्या! 2017 आणि 2019 ला राष्ट्रीय विजेतेपद, कॉलेज फुटबॉलमधली सर्वांत मानाची हर्मन ट्रॉफी लागोपाठ दोनदा. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेचं सर्टिफिकेट आणि वाढीव मार्क. मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, खेळली, असं खेळणारी पहिली भारतीय, पण तिला तिथवर नेणारी पायरी गोकुलम केरळ हा क्लब होता.

मग एवढं देणारं कॉलेज सोडायचं कशाला? कारण तिथे जिंकायचं काही उरलंच नव्हतं. त्यात कोविडनं 2020 चा सीझन पुढे ढकललेला. अमेरिकन लीगमध्ये तेव्हा ड्राफ्ट होता, म्हणजे तुम्ही कुठे खेळायचं ते क्लब ठरवणार (2024 मध्ये तो एकदाचा बंद झाला). तिनं थेट फ्रान्सच्या ल्यों क्लबशी करार केला. मे 2022, तुरीन, चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बार्सिलोना. ल्यों 3-1 नं जिंकलं, तिसरा गोल हिचा.

दोनच आठवड्यांत गुडघ्याचं लिगामेंट गेलं. 2023 चा वर्ल्ड कप हुकला. इथे ‘म्हणून म्हणतो, आधी डिग्री’वाले काका कॉमेंटमध्ये येतीलच. काका, इंग्लंडच्या चेल्सी क्लबनं तिला 2023 मध्ये घेतलं तेव्हा ती अजून त्याच दुखापतीतून सावरत होती. मार्च 2024 मध्ये चेल्सीकडून पहिल्यांदा मैदानात उतरली, तीही बदली खेळाडू म्हणून, आणि काही मिनिटांत गोल मारून मोकळी झाली. विद्यापीठात वयाच्या तिशीतही परत जाता येतं. ल्योंचा तो करार तिशीपर्यंत कोण राखून ठेवणार होतं?