ती फाइल बघायची होती, उघडून सेव्ह नव्हती करायची

अहो काका, कुणी सांगितलं होतं?

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी काकांचा मेसेज: "अगं, तुझ्या त्या पार्किंगच्या फाइलमध्ये फार गिचमिड होती. मी सगळं नीट करून परत चढवलीय." खाली अंगठ्यांची रांग. एक जण तर 'ग्रेट जॉब काका'.

पार्किंगचा ऑनलाइन फॉर्म माझाच; लोक भरतात ते सगळं एका सीएसव्हीत जमतं, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत एक नोंद, मध्ये स्वल्पविराम. नीट म्हणजे काय केलं, तर त्या सीएसव्हीवर डबल-क्लिक. स्प्रेडशीटमध्ये उघडली, रकाने रंगवले, 'सेव्ह अ‍ॅज'मधली साधी सीएसव्ही निवडली आणि जो इशारा आला त्याला 'ओके'. काका कशालाही ओके म्हणतात, फक्त लिफ्टच्या दुरुस्तीला सोडून. रंग अर्थातच उडाले. बाकी जे उडालं ते ऐका.

२/११ मधलं कुटुंब आता दोन नोव्हेंबरमध्ये राहतं. ३ई४ वाल्यांचा फ्लॅट नंबर तीस हजार झालाय. सात मजल्यांची बिल्डिंग आहे हो! आकड्यांच्या मध्ये ते ई दिसलं की स्प्रेडशीटला वाटतं, आला कुणीतरी शास्त्रज्ञ, तीनावर चार शून्यं मागतोय. ज्यांनी ९१ लावून मोबाइल दिला त्यांचे सगळे आकडे नऊ पॉइंट काहीतरी ई प्लस अकरा. दाखवायला तसे असते तरी चाललं असतं, पण सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहिलं जातं. पुढचे आकडे गेले ते गेलेच. आणि नावं? देवनागरी नीट दिसावी म्हणून फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण मी मुद्दाम घातली होती, की ही फाइल यूनिकोडमध्ये आहे. काकांच्या साध्या सीएसव्हीत कुलकर्णी, शेख, डिसोझा सगळे प्रश्नचिन्हं झाले. सोसायटीतली जातपात एका क्लिकमध्ये मिटली, एवढंच काय ते बरं.

बॅकअप? आहे ना, होस्टिंगचा, पहाटेचा. आणि लोकांनी फॉर्म कधी भरला? शेवटच्या तारखेला, म्हणजे कालच, रात्री दहानंतर, एकदम. बॅकअपात त्यातलं काही नाही. लायटीचं बिलही तसंच भरतात.

मुळात डेटाबेस नको हे ठरवलं कुणी? मीटिंगने. "साधा फॉर्म तर आहे!" हे वाक्य म्हणणाऱ्याला एकदा दोन माणसांचं सबमिट एकाच क्षणी येऊ द्यावं, फाइलला लॉक न लावता, म्हणजे एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीत घुसेल. मी म्हटलं, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घेऊ. एकच फाइल, सर्व्हर नको, दमडी नको, रिचर्ड हिप नावाचा माणूस २००० सालापासून फुकट वाटतोय. तर म्हणे, "ती डबल-क्लिक करून उघडत नाही ना." अहो, तोच तर तिचा मोठेपणा! आणि हे ज्या फोनवरून बोलताय, त्यातलं व्हॉट्सअ‍ॅप तुमचे सगळे सुप्रभात एसक्यूलाइटमध्येच जपून ठेवतं.

पत्त्याच्या चौकोनात एंटर मारणारे, त्यांचं वेगळंच. "जवळ गणपती मंदिर, (एंटर) मागचा जिना, (एंटर) कुत्रा आहे." पार्किंगच्या फॉर्मवर! नाव या रकान्यात नुसतं टिंब देणारे. आणि मंडळाच्या वर्गणीचा फॉर्म बनवणारा तो हुशार, ज्याने नोंद शेवटी जोडायच्या ऐवजी फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये, म्हणजे पुसून नव्याने लिहायला, उघडली. प्रत्येक नव्या नोंदीला आधीचं सगळं साफ. यादीत कायम एकच देणगीदार. वर ती फाइल पब्लिक फोल्डरमध्ये, म्हणजे त्या एकाचा तरी फोन नंबर जगाला उपलब्ध.

हे सगळं मी रात्री जेवताना नवऱ्याला सांगत होते. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने जुन्या एक्सेल फॉरमॅटच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेपायी जवळजवळ १६,००० कोविड रुग्ण यादीतून गाळले, तेही सांगितलं. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी हात टेकले आणि एक्सेल तारखा करतं म्हणून चक्क माणसाच्या जनुकांची नावं बदलली, तेही. मार्च वन नावाच्या जनुकाचं मार्च-एफ वन केलं, चमचा आपटत सांगितलं. तो म्हणाला, "भाजी घे." मग लक्षात आलं की मुलगी केव्हाच उठून गेलीय आणि मी तीन बाइटांसाठी घसा कोरडा केलाय. ग्रुपवर टाकायला भलं मोठं उत्तर टाइप केलं होतं, ते पुसलं आणि नमस्काराचे हात पाठवले. एवढीच आमची क्रांती.

सकाळी काकांनी ती यादी छापून नोटीस बोर्डावर लावली. मोबाइल नंबरांसकट. म्हटलं ग्रुपवर काहीतरी बोलावं गोपनीयतेबद्दल, मग आठवलं, निम्म्या सोसायटीचा नंबर आता एकच आहे. शेजारी दोऱ्याने पेन बांधलंय, "चूक असल्यास दुरुस्त करावी." लोक करतायत. कुणी रागावलेलं नाही, कुणाचा फ्लॅट तारीख होत नाहीये. आणि ग्रुपवर आत्ताच मला टॅग केलंय: "यादी झाली की परत टाइप करून घेशील ना बेटा? साधंच काम आहे."