विहिरीत टाकला तेव्हा तो जिवंत होता!

कथा आमच्या बेळगावातल्या कट्ट्यावरच्याच एकाची, दिवाळी अंकाला पाठवायची होती. वाद तिच्या शेवटावरून पेटला.

खानापूर तालुक्यातलं गाव, दोन भाऊ, बांधाचं भांडण. थोरला खोऱ्याचा दांडा धाकट्याच्या डोक्यात घालतो. धाकटा आडवा, हलेना, बोलेना. मेला असं समजून थोरला त्याला फरफटत नेऊन विहिरीत टाकतो आणि आत्महत्या वाटावी म्हणून काठावर चपला मांडतो. पोलीस यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूचा अहवाल, नोंदवून फाइल मिटवायच्या बेतात असतात, तेवढ्यात कथेतला गुप्तहेर पोस्टमॉर्टेमचे कागद वाचतो आणि शेवटच्या पानावर गरजतो: "विहिरीत टाकला तेव्हा तो जिवंत होता! हा खून आहे!"

"झालं," वकील म्हणाला. "तुझ्या गुप्तहेरानं आरोपीला वाचवला."

"काय बोलूलास बे?" कथाकार उसळला. "माणूस मेलाय की. खून न्हाई तर काय?"

"मेला कशानं? पाण्यानं. पाण्यात टाकताना थोरल्याच्या डोक्यात काय होतं? प्रेताची विल्हेवाट. प्रेताला कोण कशाला मारेल? आणि दांडा घातला तेव्हा? तूच लिहिलंयस, 'रागाच्या भरात एकच फटका'. म्हणजे दांड्याच्या वेळी जीव घ्यायचा हेतू नाही, आणि पाण्याच्या वेळी समोर जिवंत माणूस आहे हेच ठाऊक नाही. खुनाला हेतू आणि मरण आणणारी कृती एकाच वेळी लागतात. तुझ्या कथेत त्यांची गाठच पडत नाही."

मग त्यानं १९१९ चा मद्रास हायकोर्टाचा पळनी गौंडन खटला काढला. नवऱ्यानं बायकोच्या डोक्यात नांगराचा फाळ घातला. ती बेशुद्ध पडली. मेली असं समजून, गळफास वाटावा म्हणून त्यानं तिला दोरीनं टांगलं. डॉक्टर म्हणाले, मरण फासानं आलं. पूर्णपीठानं निकाल दिला की त्याला ती मेलेलीच वाटत होती, तेव्हा खून नाही आणि सदोष मनुष्यवधही नाही. शिक्षा द्यायची ती मूळ मारहाणीची आणि खोटा पुरावा उभा केल्याची.

"हे अती झालं," मास्तर म्हणाले. "बेशुद्ध माणसाची नाडी न बघता विहिरीत टाकायचा आणि कोर्टानं पाठ थोपटायची?"

"पाठ कुठं थोपटली, मास्तर? आजच्या भारतीय न्याय संहितेच्या हिशेबानं गंभीर दुखापतीचं ११७ कलम लागेल, सात वर्षांपर्यंत. दांडा घातक हत्यार धरला तर ११८, ते आणखी जड. नाडी न बघण्याचा तुमचा मुद्दा निष्काळजीपणाच्या १०६ मध्ये बसवून बघता येईल, पाच वर्षांपर्यंत. पण १०३ चा खून, फाशी नाहीतर जन्मठेप, हे तुमच्या हाती लागत नाही. गंमत बघा. धाकटा त्या फटक्यानंच मेला असता तर निदान १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, सहज उभा राहिला असता. गुप्तहेरानं मरणाचं कारण दांड्यावरून पाण्यावर नेलं आणि तोही सैल करून ठेवला."

मास्तर जुने वाचक. त्यांनी १८९० चा मुंबई हायकोर्टाचा खंडूचा खटला पुढं केला. त्यात जावयानं सासऱ्याच्या डोक्यात काठीचे तीन फटके घातले, मेला समजून झोपडीला आग लावली, आणि मरण आलं आगीनं. तेव्हा बेळगावही मुंबई इलाख्यातच. "तो सुटला का?"

"खुनातून सुटला, खुनाच्या प्रयत्नात अडकला. कारण काठी मारतानाच जीव घ्यायचा हेतू होता. एका न्यायमूर्तींना तर तो सरळ खूनच वाटत होता. पुढं १९५४ मध्ये थाबो मेलीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनच्या अपील कोर्टानं, तेच म्हटलं: आधी ठरवून मारहाण केली, मग मेला समजून कड्यावरून ढकलला, आणि तो मेला थंडीवाऱ्यानं, पण बेत एकच होता, म्हणून सगळं मिळून खून. तेव्हा विहिरीकडं बघत बसू नका. दांडा उचलला त्या घटकेला थोरल्याच्या मनात काय होतं, ते बघा."

इतका वेळ गप्प बसलेला लॅबवाला इथं सरसावला. त्याची तक्रार कलमांची नव्हती. 'फुप्फुसात पाणी सापडलं' हे कथेतलं एक वाक्य त्याला सलत होतं.

"प्रेत दोन दिवस विहिरीत राहिलं तर फुप्फुसात पाणी आपोआप शिरतं. त्यानं काय सिद्ध होतं? बघायचा तो फेस. नाकातोंडाशी पांढरा, बारीक बुडबुड्यांचा, पुसला तरी छाती दाबली की परत येणारा. मुठीत घट्ट धरलेला चिखल किंवा शेवाळ मिळालं तर आणखी चांगलं. पण बेशुद्ध माणूस मूठ आवळणार कशी? ते तू लिहू नको. आणि डोक्याच्या जखमेभोवती मांसात रक्त झिरपलेलं असेल तर फटका जिवंतपणी बसला, एवढंच कळतं."

खरा पुरावा म्हणजे डायटम, असं त्याचं म्हणणं. पाण्यातलं एकपेशीय शेवाळ, सिलिकाचं कवच असलेलं. बुडणारा माणूस पाणी आत ओढतो, हृदय चालू असतं म्हणून ते फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत जातं. मेलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी शिरलं तरी मगजापर्यंत पोचवायला रक्त फिरत नसतं. म्हणून मांडीचं हाड जसंच्या तसं काढून पाठवायचं, मगज तीव्र नायट्रिक आम्लात जिरवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. कवचं आम्लाला दाद देत नाहीत, म्हणून ती तेवढी उरतात.

"आणि खटला इथंच फसतो," तो म्हणाला. "महजर, म्हणजे पंचनामा, करताना विहिरीचं पाणी भरून घ्यायला विसरतात. त्याच विहिरीचं पाणी, त्याच दिवशी, स्वच्छ बाटलीत, सीलबंद. आठ दिवसांनी आठवण झाली आणि मधे पाऊस पडून गेला, तर मगजातले डायटम जुळवायचे कशाशी? दुसरी चूक, हाड नळाच्या पाण्यानं धुतात. नळातही डायटम असतात. आणि मगजात ते नाही सापडले म्हणजे बुडून मेलाच नाही, असंही नसतं. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो, हे हाड मात्र कशात बुडवायचं नाही. तुझ्या कथेत दोन्ही एकाच बरणीत टाकलेत."

कथाकारानं वहीत खोडाखोड केली. तेवढ्यात वन बाय टू चहा आला.

"मग मी त्याला मारायच्या इराद्यानंच दांडा घालायला लावतो की," कथाकार म्हणाला. "सोपं झालं."

"सोपं होत नाही," वकील म्हणाला. "हेतू तू लिहून चालत नाही, तो दिसावा लागतो. दांडा हातात कसा आला? शेतात पाणी पाजताना खोरं हातात असतंच. भांडण अचानक पेटलं, आधी ठरवलेलं नाही, क्रूरपणा नाही, समोरच्याच्या अडचणीचा गैरफायदा घेतला नाही, तर खुनाच्या व्याख्येच्या १०१ कलमाचा चौथा अपवाद लागतो आणि खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. सुरुवात कुणी केली हे त्यात बघत नाहीत. पण थोरला घरी गेला, माळ्यावरचा कोयता काढला आणि परत आला, तर तो अपवाद संपला. नौदलातल्या त्या नानावटीचं काय झालं? २७ एप्रिल १९५९. बायकोनं दुसऱ्याशी असलेलं प्रेमप्रकरण कबूल केलं, त्यानं बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग तिच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. मधे तीनेक तास. ज्युरीनं आठ विरुद्ध एक असा निर्दोष ठरवला, हायकोर्टानं तो निर्णय फिरवला, आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, एवढ्या वेळात राग थंड व्हायला हवा होता. खूनच."

"आणि एकच फटका असला की खून न्हाई, हे तरी खरं?"

"तेही नाही. १९५८ चा विरसा सिंग वाच. भाल्याचा एकच घाव, पोटात, आणि माणूस दुसऱ्या दिवशी गेला. न्यायमूर्ती विवियन बोस म्हणाले, जीव घ्यायचा हेतू सिद्ध करायची गरजच नाही. नेमकी तीच जखम करायची होती, ती चुकून झाली नाही, आणि तशी जखम सर्वसाधारणपणे मरण आणायला पुरेशी आहे, एवढं दाखवलं की पुरे. ते 'पुरेशी आहे' डॉक्टरच्या तोंडून साक्षीत यावं लागतं. सरकारी वकील विचारायला विसरला, की खुनाचा खटला १०५ वर घसरतो. तुझ्या कथेत कोर्ट आलंच, तर खरा ताण या एका प्रश्नात आहे. गुप्तहेराच्या भाषणात नाही."

भाषणाचा विषय निघाल्यावर त्यानं तेही उरकलं. इन्स्पेक्टरला दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. त्याच्या आधारे एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग येतो. खाजगी गुप्तहेराला दिलेली कबुली येऊ शकते, पण ती लंगडी. आणि आरोपी पोलिसांच्या ताब्यात असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर असल्याशिवाय तीही जाते. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून केलेला तो सुंदर उलगडा कागदावर जवळजवळ शून्य.

मास्तरांनी कुंद्यात, म्हणजे बेळगावच्या प्रसिद्ध मिठाईत, विष घालायची सूचना केली. कुंदा शहराच्या नावाला शोभतो, म्हणाले. वकिलाकडं त्यालाही १९१२ चा मद्रासचा खटला तयार: विम्याच्या पैशासाठी एकाला विषारी हलवा दिला, त्यानं थोडा खाऊन बाकीचा टाकला, तो एका लहान मुलीनं उचलून खाल्ला. ज्याच्यासाठी केला तो वाचला, मुलगी गेली, तरी खूनच. नेम एकावर आणि बळी दुसराच, याला आता १०२ कलम आहे.

कथाकाराला मात्र आपली विहीर सोडवेना. शेवटी त्यानं एवढंच ठरवलं: विहिरीच्या काठावर धाकटा कण्हतो, थोरला ते ऐकतो, आणि तरीही टाकतो.

"आता खून," वकील म्हणाला. "पण ते कण्हणं ऐकणारा तिसरा कोण आहे? साक्षीदार आण. आणि कथा २०२२ च्या पावसाळ्यात घडते ना? मग १०१, १०३ सगळं खोड. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा जुन्या दंडविधानातच चालतो. तिथं ३०० आणि ३०२ लिही."