गव्हर्नर गेला, बिल राहिलं

राज्य सरकारने एखादा कर वाढवला की एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा आशय असा: कॅलिफोर्नियात २००३ साली गव्हर्नरने गाड्यांवरचा कर तिप्पट केला. लोकांनी सह्या गोळा करून त्याला मुदतीआधीच घरी बसवलं. अर्नॉल्ड श्वार्झनेगर आला आणि त्याने पहिल्याच दिवशी कर रद्द केला. असा परत बोलावण्याचा हक्क आपल्याकडे असता, तर कर वाढवायची कुणाची हिंमत झाली नसती.

यातली घटना खरी आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. (तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडे राजभवनात नेमून पाठवतात तो नव्हे. तो थेट निवडून येतो आणि राज्याचा कारभार चालवतो.)

पहिला दावा, कर वाढवला म्हणून हाकललं. तारखा पाहा. तेव्हाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्याविरुद्धच्या अर्जावर सह्या गोळा करायला मार्च २००३ मध्ये परवानगी मिळाली आणि वाहन शुल्क वाढवण्याचा निर्णय झाला जूनमध्ये. म्हणजे सह्यांचे कागद त्याआधीच फिरत होते. त्या अर्जातले आरोपही वाचण्यासारखे आहेत: सरकारने पैसा उधळला, वीज संकटाचा खर्च लोकांच्या गळ्यात मारला, स्थानिक संस्थांचा निधी कापला. शेवटचा आरोप लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डेव्हिस यांच्यावर राग होता आणि तो रास्तही होता. २०००-०१ मध्ये राज्याने दिवे जाणं अनुभवलं होतं. त्यात नोव्हेंबर २००२ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि लगेच डिसेंबरमध्ये जवळपास ३,५०० कोटी डॉलरची तूट जाहीर झाली. मत देईपर्यंत खरा आकडा दडवून ठेवला, असं लोकांना वाटलं. रिकॉलच्या, म्हणजे परत बोलावण्याच्या, बाजूने मांडता येईल असा सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो, आणि तो लपवाछपवीचा आहे. फिरत्या मजकुरात नेमका तोच नाही.

आता तिप्पट कर. हे शुल्क १९४८ पासून गाडीच्या किमतीच्या २ टक्के होतं. १९९८ मध्ये तिजोरी भरलेली असताना आधीचे रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी सवलतीच्या कायद्यावर सही केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने शुल्क ०.६५ टक्क्यावर आलं. कायद्यात अट होती की राज्याकडे पैसे उरले नाहीत तर सवलत थांबेल. डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटला, श्रीमंतांच्या शेअर नफ्यावरचा कर आटला आणि डेव्हिस यांच्या वित्त खात्याने ती अट लागू केली. दहा हजार डॉलरच्या गाडीला ६५ ऐवजी २०० डॉलर. गाडीवाल्याच्या खिशाला ती वाढच होती, हे मान्य. पण डेव्हिस यांनी नवा कर शोधून काढला नव्हता, जुना दर परत आला होता.

‘पहिल्याच दिवशी रद्द’ हेही खरं. १७ नोव्हेंबर २००३ रोजी शपथ झाली आणि त्याच दिवशी आदेश निघाला. मजकूर इथेच थांबतो, हिशेब थांबला नाही. हे शुल्क जात होतं शहरांना आणि काउंटींना (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग), म्हणजे पोलीस, अग्निशमन, दवाखाने. वर्षाला साधारण ४०० कोटी डॉलरचं हे भगदाड राज्याच्याच तिजोरीतून बुजवावं लागणार होतं. म्हणजे ज्या अर्जात स्थानिक संस्थांचा निधी कापल्याची तक्रार होती, त्याच्या विजयाची पहिली भेट त्याच संस्थांच्या उत्पन्नावर घाव घालून दिली गेली! मार्च २००४ मध्ये तूट भागवायला मतदारांकडून १,५०० कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी घेतली गेली. हे रोखे फिटायला २०१५ साल उजाडलं. आणि फेब्रुवारी २००९ मध्ये, पुन्हा मोठी तूट आल्यावर, खुद्द श्वार्झनेगर यांनी विक्रीकर एका टक्क्याने वाढवला, प्राप्तिकर वाढवला आणि वाहन शुल्क ०.६५ वरून १.१५ टक्के केलं. त्याच जुलैत राज्याने देणेकऱ्यांना पैशांऐवजी वायद्याच्या चिठ्ठ्या दिल्या. यावर मजकुरात एक ओळ नाही.

करावरून रिकॉल झाल्याचं स्वच्छ उदाहरण हवंच असेल तर ते कॅलिफोर्नियातच आहे, फक्त गव्हर्नरचं नाही. राज्य सिनेटर जॉश न्यूमन यांनी २०१७ च्या इंधन कराला मत दिलं. गॅलनमागे १२ सेंट, रस्ते दुरुस्तीसाठी. जून २०१८ मध्ये त्यांच्या मतदारसंघाने त्यांना काढलं. पाच महिन्यांनी तोच कर रद्द करायचा प्रस्ताव राज्यभर मतदानाला आला आणि तो पडला. रस्त्यांची कामं दिसत होती, कर ठेवा म्हणाले लोक. २०२० मध्ये न्यूमन परत निवडून आले, तेही त्यांच्या जागी आलेल्या उमेदवाराला हरवून. कर पटत नसेल तर करावरच मत मागायची सोय तिथे आहे. ती असताना माणसाचा बळी कशाला?

जनतेचा कौल वगैरे म्हणताना रचनाही पाहावी. गव्हर्नरच्या बाबतीत आधीच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १२ टक्के इतक्या सह्या झाल्या की निवडणूक लागते. सह्या गोळा करायला पगारी माणसं असतात. २००३ मध्ये स्वतः गव्हर्नर होऊ पाहणारे खासदार डॅरेल इसा यांनी त्यासाठी पंधरा लाख डॉलरहून जास्त खर्च केले. मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते: गव्हर्नरला काढायचं का, आणि काढलं तर त्याच्या जागी कोण. दुसऱ्यासाठी १३५ उमेदवार होते. श्वार्झनेगर यांना डेव्हिस यांच्या बाजूने पडलेल्या मतांपेक्षा जास्त मतं मिळाली, हे खरं, पण तसं होण्याची हमी नियमात नाही. ४९ टक्के लोकांना हवा असलेला माणूस जाऊन ३० टक्केवाला येऊ शकतो. २०२१ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्यावर हाच प्रयोग झाला, ते टिकले, आणि निवडणुकीचा खर्च आला सुमारे २० कोटी डॉलर. तोही करदात्यांचाच.

राहिली आपल्याकडची हिंमत. मुख्यमंत्री मध्येच बदलायला रिकॉल लागत नाही, हे २०१९ ते २०२२ पाहिलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको. शिवाय २०१७ पासून जीएसटीचे दर कुणी एक मुख्यमंत्री ठरवत नाही. ते ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. त्या दराबद्दल परत बोलवायचं तर कुणाला? राज्याच्या हातात उरतात पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचा कर, वाहन कर. ही नावं घेऊन आमदाराला गाठा आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी त्याने कुठे हात वर केला ते विचारा.