२५२० चा मेसेज शाळेच्या भाषणात घालण्याआधी

तो मेसेज पुन्हा फिरतोय: १ ते १० या सगळ्या अंकांनी भाग जाणारी २५२० ही जगातली एकमेव संख्या, गणितज्ञ थक्क, रामानुजन यांनी ती शोधली आणि तिचं रहस्य भारतीय पंचांगात आहे. आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने = २५२०. एरवी मी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण माझी सहावीतली भाची २२ डिसेंबरला, गणित दिनाच्या भाषणात हेच म्हणणार आहे. घोकून तयार आहे पोर.

एकमेव? दुप्पट करा, ५०४०. तिलाही या सगळ्यांनी भाग जातो. तिप्पट घ्या, चौपट घ्या, संपणारच नाही. २५२० त्यातली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि. तो भाचीला वहीत काढता येतो. आणि ५०४० चा हा गुण ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'लॉज' (Laws, म्हणजे 'कायदे') या ग्रंथात लिहून ठेवलाय, रामानुजन जन्मायच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधी.

पंचांगाच्या मुद्द्याचा मला खरा राग येतो. पंढरपूर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात. आषाढी एकादशी २०२२ साली १० जुलैला होती, २०२३ साली २९ जूनला, २०२४ साली १७ जुलैला. मोजा. पहिलं अंतर ३५४ दिवसांचं, दुसरं ३८४ दिवसांचं, कारण मध्ये अधिक श्रावण आला आणि महिने तेरा झाले. ३० × १२ चे ३६० दिवस कुठे दिसले? सिद्धेश्वरांची यात्रा मात्र संक्रांतीला, सूर्यावर चालते, म्हणून दरवर्षी जानेवारीतच. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालायला अधिक मास बसवणाऱ्यांची बुद्धी केवढी! पंचांगाचा अभिमान सांगणारा मेसेज नेमकी तीच पुसून टाकतो. महिन्याच्या तिथी ३० असतात, हे खरं. पण आठवड्याचे दिवस गुणिले महिन्याचे दिवस, या गुणाकाराला अर्थ काय? ५ × ७ × ७२ केलं तरी २५२०च येतात.

राहिले रामानुजन. इथे थोडं तथ्य आहे, मान्य करावंच लागेल. आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांचा १९१५ चा मोठा निबंध आहे, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने छापलेला. २५२० ला ४८ विभाजक आहेत आणि ती त्या यादीत आहे. पण यादी तिथे थांबत नाही. ती ६७४६३२८३८८८०० पर्यंत जाते. या तेरा अंकी संख्येला १००८० विभाजक आहेत, आणि १ ते १० सोडाच, १ ते २८ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने तिला भाग जातो. कॉम्प्युटर नसताना केलेल्या त्या यादीत एकच संख्या निसटली, २९३३१८६२५६००. तिला २३ ने गुणलं की यादीतली ती शेवटची संख्या मिळते.

भाचीला मी या दोन संख्या लिहून दिल्यात. गुणाकार तिने स्वतः करून पाहायचा आणि मग भाषणात सांगायचा.